मधल्या काळाचा पाळक

‘हंगामी’ हा शब्द आपण रोज ऐकतो. हंगामी मजूर, हंगामी मुख्याध्यापक, हंगामी अध्यक्ष. ऐकताना त्यात थोडा कमीपणा वाटतो, म्हणजे हा खरा नव्हे, तात्पुरता आहे. पण आमच्या आदिलाबादकडे हंगाम म्हटला की कापूस आठवतो. वेचणीला माणसं येतात, काम झालं की निघून जातात. शेत त्यांच्या मालकीचं नसतं. तरी त्यांनी ते थोडे दिवस नीट काम केलं नाही तर वर्षभराची मेहनत मातीत जाते.

ख्रिस्ती मंडळीतही असा एक हंगामी माणूस असतो. जुना पाळक गेलेला असतो आणि नवा अजून आलेला नसतो. त्या मधल्या काळात जो मंडळी सांभाळतो त्याला इंग्रजी शिकलेले लोक ‘इंटरिम पास्टर’ म्हणतात. आपण त्याला हंगामी पाळक म्हणू. या माणसाबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही. मंडळीच्या इतिहासाच्या पुस्तिकेत पाळकांची यादी असते, त्यात त्याचं नाव बहुतेक वेळा सापडत नाही. पण लहान मंडळ्या फुटतात त्या याच मधल्या काळात, आणि सावरतात त्याही याच काळात. म्हणून हे काम नेमकं काय असतं, ते समजून घेऊ.

आदिलाबादहून निर्मलकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर गुडीहत्नूर लागतं. इथूनच इंद्रवेल्ली-उटनूरकडे फाटा फुटतो. बाजारात उभं राहिलं तर तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी ढंगाची उर्दू-हिंदी कानावर पडते. १९५६ पर्यंत हा सगळा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात आला आणि २०१४ साली तेलंगणात. सीमा हलली, पण मामाचं गाव होतं तिथंच राहिलं. पैनगंगेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक अजून चालू आहे.

अशा भागातली वीस-पंचवीस घरांची एक मंडळी डोळ्यांसमोर आणा. ही मंडळी मी कल्पनेने उभी केली आहे, पण तिच्यापुढचे प्रश्न खरे आहेत. पाळकसाहेब चौदा वर्षं होते. त्यांनी इथल्या अर्ध्या पोरांचे बाप्तिस्मे केले, त्यातल्या काहींची लग्नंही लावली, म्हाताऱ्यांना माती दिली. त्यांची बदली झाली. निरोपाचा हार घातला, फोटो काढले, टेम्पोत सामान भरलं. पुढच्या रविवारी लोक येऊन बसले आणि पुढची खुर्ची रिकामी. आता काय?

याचं उत्तर मंडळी कोणत्या चर्चची आहे त्यावर ठरतं. आदिलाबाद जिल्हा चर्च ऑफ साउथ इंडियाच्या मेदक धर्मप्रांतात येतो. हे चर्च २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला स्थापन झालं. पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात गेलं की चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची हद्द लागते. ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं. या दोन्ही चर्चमध्ये पाळकाची नेमणूक आणि बदली बिशप आणि धर्मप्रांताच्या हातात असते. जागा रिकामी झाली की शेजारच्या पाळकाला जादा कार्यभार देतात किंवा एखाद्या निवृत्त पाळकाला विनंती करतात. खुद्द बिशपची गादी रिकामी झाली तरी चर्च ऑफ साउथ इंडियात सोय आहे. चर्चचे प्रमुख, म्हणजे मॉडरेटर, आपल्या वतीने एक प्रतिनिधी नेमतात, त्याला ‘मॉडरेटर्स कमिशरी’ म्हणतात. तोही एक प्रकारे हंगामीच. मेथॉडिस्ट मंडळ्यांमध्येही नेमणूक वरूनच होते.

खरी पंचाईत स्वतंत्र मंडळ्यांची असते. एका माणसाने घराच्या पडवीत प्रार्थना सुरू केली, पुढे पत्र्याची शेड आली, मग स्लॅब पडला. त्याच्या वर ना बिशप, ना सिनड. तो माणूस गेला तर पुढचा कोण पाठवणार? मुलगा? जावई? सगळ्यात जास्त वर्गणी देणारा? आणि जागेचा सातबारा किंवा पट्टा गेलेल्या पाळकाच्याच नावावर असेल तर प्रश्न प्रार्थनेचा राहत नाही, वाटणीचा होतो.

या रिकाम्या काळात तीन गोष्टी हमखास घडतात.

पहिली, दुःख. लोक त्याला दुःख म्हणत नाहीत. ते म्हणतात, “आता चर्चला यावंसं वाटत नाही.” मोशे गेल्यावर इस्राएल लोकांनी मवाबच्या मैदानात तीस दिवस शोक केला, असं जुना करार सांगतो. यहोशवा तेव्हा तयारच होता, तरीही ते तीस दिवस कुणी कापले नाहीत. आपण मात्र जुना पाळक शनिवारी गेला की रविवारीच नव्यावर खूश व्हावं अशी अपेक्षा धरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गट. पाळक असतो तोवर सगळ्यांचा राग किंवा प्रेम त्याच्याकडे जातं. तो गेला की ते एकमेकांकडे वळतं. करिंथच्या मंडळीत कुणी पौलाचे, कुणी अपुल्लोसाचे, कुणी केफाचे झाले होते, आणि यातले दोघे-तिघे त्या वेळी गावात हजरही नसावेत! गैरहजर माणसाच्या नावाने भांडणं सोपं असतं, कारण तो येऊन ‘मी असं म्हणालो नव्हतो’ असं सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. दानपेटीची किल्ली, कपाटाची किल्ली, बँकेच्या खात्यावरची सही. पाळक गेल्यावर या ज्याच्या हाती राहतात, तो काही न बोलता मंडळीचा मालक होऊन बसतो. त्याच्या मनात वाईट असेलच असं नाही. पण सहा महिने किल्ली खिशात राहिली की ती परत देताना हात जड होतो.

हंगामी पाळक येतो तो या तिन्हींच्या मध्ये. त्याने काय करावं याचा सगळ्यात जुना नमुना मला तीताला लिहिलेल्या पत्रात दिसतो. पौलाने तीताला क्रेत बेटावर मागे ठेवलं ते एक ठरावीक काम देऊन: जे अर्धवट राहिलं आहे ते लावून घे आणि गावोगावी वडील नेम. त्याच पत्राच्या शेवटी पौल कळवतो की अर्तमा किंवा तुखिक तिकडे पोचला की तू निघून निकपलीसला ये, हिवाळा मी तिथं काढणार आहे. म्हणजे काम ठरलेलं, जागी कोण येणार ते ठरलेलं आणि निघण्याची वेळही ठरलेली. नेमणुकीच्या पत्रात यापेक्षा जास्त काय हवं?

आधुनिक काळात या कामाचा पद्धतशीर विचार अमेरिकेत झाला. लॉरेन मीड नावाच्या एपिस्कोपल पाळकाने १९७४ मध्ये ऑल्बन इन्स्टिट्यूट सुरू केली. पाळक बदलताना मंडळीत काय होतं, याचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी केला. त्यातून मधल्या काळाची पाच कामं पुढे आली. ही पाच कामं आपल्या कल्पित मंडळीला लावून पाहू.

पहिलं काम, झालेल्या गोष्टींशी समेट. पहिल्याच आठवड्यात एखादी मावशी ठणकावून सांगते, “आधीचे पाळकसाहेब असं करत नव्हते हो!” कच्चा माणूस इथे चिडतो किंवा आपलं खरं करायला जातो. मुरलेला माणूस म्हणतो, “मावशी, ते कसं करत होते, मला नीट सांगा.” मावशी सांगते. मग आणखी दोघं सांगतात. त्यातून चौदा वर्षांतलं चांगलंही बाहेर येतं आणि मनात दाबून ठेवलेलंही. हंगामी पाळकाला त्या भांडणात काही मिळवायचं नसतं, म्हणून लोक त्याच्यापाशी मोकळे होतात. नव्या कायम पाळकाशी असं बोलता येत नाही, त्याला वाटतं आपली तुलना चालली आहे.

दुसरं काम, आपण कोण ते पुन्हा पाहणं. आमच्या भागात हा प्रश्न भाषेचा होतो. मेदक धर्मप्रांताचा कारभार तेलुगूत. घरी मराठी बोलणारी आजी पाळकाला तेलुगू रीतीने ‘अय्यगारू’ म्हणते, पण आजारपणात प्रार्थना मराठीत करते. नातू तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतो. कोलामगुड्यावरून किंवा गोंडगुड्यावरून आलेल्या कुटुंबाला यातली कुठलीच भाषा आपली वाटत नाही. आधीच्या पाळकाच्या सवयीने जी भाषा चालली ती चालली, कुणी विचारलं नाही. मधला काळ हा विचारण्याचा काळ आहे. किती घरांत कोणती भाषा? महिन्यातून एक उपासना मराठीत ठेवायची का? हंगामी पाळकाने याचं उत्तर देऊ नये, पण प्रश्न बैठकीत मांडावा आणि सगळ्यांना, बायकांना आणि पोरांनाही, बोलू द्यावं.

तिसरं काम, जबाबदाऱ्यांची फेरमांडणी. पाळक नसला की कळतं की तो किती कामं एकटा करत होता: घंटा, हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी, शाळेचे दाखले, पोलीस ठाण्यात सोबत. हंगामी पाळक आठवड्यातून एकदा आदिलाबादहून बसने येणार. त्याला हे सगळं जमणारच नाही, आणि जमत नाही हेच इथे उपयोगी पडतं. वाचन एक मुलगी करते, आजाऱ्यांकडे दोघी बायका जाऊन येतात, हिशेब एक तरुण वहीत लिहितो आणि दुसरा तपासतो. वर्षभरात मंडळीला कळतं की ही कामं आपल्यालाही येतात.

चौथं काम, बाहेरच्या नात्यांची डागडुजी. लहान मंडळी आपल्यापुरती जगू लागते. धर्मप्रांताचा हिस्सा थकतो, पत्रांना उत्तर जात नाही, शेजारच्या गावच्या मंडळीशी कधीतरी बिनसलेलं असतं. हंगामी पाळक मध्यस्थ होऊ शकतो. पलीकडच्या किनवटचा मराठी पाळक एखाद्या रविवारी बोलवायचा असेल, तरी तो रस्ता बंद नाही. दक्षिण आणि उत्तर भारताची ही दोन चर्च आणि मार थोमा चर्च यांच्यात पूर्ण सहभागिता आहे. दोन्हीकडच्या बिशपांची परवानगी तेवढी रीतसर घ्यावी लागते.

पाचवं काम, येणाऱ्याला जागा करून देणं. ‘आम्हाला कसा पाळक हवा’ असं विचारलं की लोक एक तर गेलेल्या पाळकाचं वर्णन करतात, नाही तर त्याच्या बरोब्बर उलट माणसाचं. दोन्ही उत्तरं जुन्या पाळकाबद्दलच असतात. ‘आम्हाला पुढची पाच वर्षं काय करायचं आहे’ या प्रश्नावर मंडळी बोलू लागली की समजावं, ती तयार झाली.

आता काय करू नये, तेही पाहू. कॅथलिक चर्चच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: धर्मप्रांताची गादी रिकामी असताना काही नवं करायचं नाही. जिल्ह्यात १९९९ पासून सिरो-मलबार परंपरेचा आदिलाबाद कॅथलिक धर्मप्रांत आहे. तिथेही मधल्या काळात सांभाळणारा प्रशासक याच तत्त्वाने बांधलेला असतो. मीड यांची पाच कामं आणि हे तत्त्व एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एक म्हणतं हलवा, दुसरं म्हणतं हात लावू नका. पण नीट पाहिलं तर दोघांचा रोख एकच आहे. येणाऱ्याचे हात बांधले जातील असा कोणताही निर्णय घेऊ नये. जमीन विकू नये, बांधकाम काढू नये, कुणाला कायमचं पद देऊ नये. बोलणं, ऐकणं, हिशेब लावणं, नोंदवह्या पुऱ्या करणं, याला मात्र कुणाची हरकत नाही.

नोंदवह्यांवरून आठवलं. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन वह्या हंगामी पाळकाने पहिल्याच दिवशी दोन पंचांसमोर पाहून घ्याव्यात. शेवटची नोंद कोणती, त्याखाली तारीख आणि सही. पुढे दाखला मागायला लोक येतात तेव्हा याची किंमत कळते. लग्नाच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं लागतं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ नुसार लग्न कोण लावू शकतो हे ठरलेलं आहे. बिशपच्या हातून दीक्षा झालेला पाळक आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावू शकतो, पण स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला सरकारी परवाना लागतो. ‘तात्पुरते आलेत, लावून टाका लग्न’ असं म्हणणाऱ्या वरपक्षाला म्हणून नम्रपणे थांबवावं लागतं. चूक पाळकाची होईल, निस्तरावं त्या पोरीला लागेल.

आणखी एक पथ्य बऱ्याच चर्चमध्ये पाळतात: हंगामी पाळकाने त्याच जागेसाठी उमेदवार व्हायचं नाही. लोकांना हे अन्यायाचं वाटतं. “इतका चांगला माणूस, इथेच का राहू नये?” कारण सरळ आहे. राहण्याची आशा धरली की तो लोकांना आवडेल तेच बोलू लागतो, आणि मग मावशी त्याला खरं सांगेनाशी होते.

आपल्या देशातल्या चर्चचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न एका मंडळीपुरता नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांचं मोठं काम उभं राहिलं. मिशनचे बोस्टनमधले चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले. त्यांचं म्हणणं असं की मिशनरी हा मंडळीचा कायमचा पाळक नव्हेच. मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा, मिशनरीने पुढच्या गावी जावं. लंडनमध्ये हेन्री व्हेन हेच सांगत होते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे तत्त्वतः सगळं मिशनच हंगामी होतं. प्रत्यक्षात हा हंगाम बराच लांबला, हेही खरं.

दुसरं उदाहरण रांचीचं. तिथे १८४५ पासून जर्मनीच्या गोस्नर मिशनचं काम होतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनऱ्यांना हटवलं. एवढी मोठी आदिवासी मंडळी एकाएकी पोरकी झाली. छोटा नागपूरचे अँग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट यांनी मधल्या काळात देखरेख केली. युद्धानंतर अँग्लिकन चर्चमध्ये सामील होण्याचा पर्याय पुढे होता. पण मंडळीने स्वतःच्या पायावर उभं राहायचं ठरवलं आणि १० जुलै १९१९ रोजी स्वायत्तता जाहीर केली. सांभाळणारा एका चर्चचा, मंडळी दुसऱ्या चर्चची, आणि शेवटी निर्णय मंडळीचा. मधला काळ नीट गेला तर काय होऊ शकतं, ते इथे दिसतं.

आता कुणी म्हणेल, अहो, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. आमच्याकडे एका पाळकाकडे सात-आठ गावं. कायमचाच मिळत नाही, तर हंगामी कुठून आणायचा? हा आक्षेप खरा आहे. आपल्याकडे ‘हंगामी’ या शब्दाचा दुरुपयोगही होतो. जादा कार्यभार सहा महिन्यांसाठी म्हणून दिला जातो आणि वर्षानुवर्षं चालतो. पाळक महिन्यातून एकदा येतो, प्रभुभोजन देतो आणि शेवटची बस पकडतो. हे हंगामी पाळकपण नव्हे, ही नुसती रिकामी जागा आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही, कागदाचा आहे. एका पानावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: कालावधी किती, महिन्यातून किती दिवस येणार, प्रवासभाडं आणि मानधन कोण देणार, कोणते निर्णय घ्यायचे नाहीत आणि मुदत संपली की कुणाला कळवायचं. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. स्वतंत्र मंडळीला वरून कुणी पाठवत नसेल तर तिने शेजारच्या दोन मंडळ्यांच्या वडिलांना साक्षीला घ्यावं. असा कागद असला की किल्ली खिशात ठेवणाऱ्यालाही तारीख दिसत राहते.

माणूस शोधताना निवृत्त पाळकाकडे आधी जावं. त्याला पदाची हौस उरलेली नसते, पेन्शन तुटपुंजी असली तरी असते, आणि लोकांचं ऐकून घेण्याइतकी सवड असते. तो शेवटच्या रविवारी काय करतो, यावरून त्याचं काम ओळखता येतं. नव्या पाळकाला तो स्वतः पुढे नेऊन लोकांशी ओळख करून देतो. तीन वह्या, हिशेबाची फाईल आणि किल्ल्यांचा जुडगा दोन पंचांसमोर त्याच्या हाती देतो. मग मागच्या बाकावर बसून उपासना ऐकतो, जेवतो आणि फाट्यावर येऊन आदिलाबादच्या बसला हात करतो. पुढच्या आठवड्यात मावशी नव्या पाळकाला ऐकवतेच, “ते म्हातारे पाळकसाहेब असं करत नव्हते हो!” नवा पाळक हसतो आणि म्हणतो, “मावशी, ते कसं करत होते, सांगा मला.” हे वाक्य त्याला कुणी शिकवलं, ते मावशीला ठाऊक नसतं.